मागच्या दाराची तार

व्हर्डेल : अरे नीट धर, आपटशील! त्या दारावर मी आहे.

लेम्युएल : माहितीये गं बाई, मीच रंगवलंय तुझं चित्र त्याच्यावर. हं, सुटलं बिजागर. टेकव आता पिकनच्या झाडाला.

व्हर्डेल : समोरचं दार प्रदर्शनाला गेलं, खुराड्याचं गेलं, संडासाचं गेलं. आता हे मागचंही. या घरात कुलूप लावायचं कशाला?

लेम्युएल : संडासाचं दार बघायला पॅरिसमध्ये रांग लागते, माहितीये?

व्हर्डेल : आणि इथे मी आत बसले की मोठ्याने गात राहते, कुणी शिरू नये म्हणून! तुझ्यापायी मीही गायिका झाले.

लेम्युएल : अगं, मेम्फिसचं संग्रहालय आहे! हे दार मधोमध उभं करणार, आणि उद्या मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ठोकलेली तार एकतारीसारखी वाजवणार. वखारीत बोटं चिरडली, गिटार सुटली, तेव्हा अख्खा गाव म्हणाला, लेम्युएल टिब्स संपला. या म्हणावं उद्या.

व्हर्डेल : मी म्हटलं होतं?

लेम्युएल : नाही. तू उरलेला रंग आणून दिलास नि म्हणालीस, तोंड पाडून बसू नकोस, रंगव काहीतरी.

व्हर्डेल : कुंपण रंगव म्हणाले होते!

लेम्युएल : बरं, ती बाटली दे. तारेखाली सरकवतो. संग्रहालयाची गाडी येईपर्यंत सूर तरी बघू.

(टक्. पुन्हा टक्.)

व्हर्डेल : हे काय?

लेम्युएल : थांब, ताणतो जरा... छे! तार तीच, आईच्या झाडूला गुंडाळलेली. बाटली तीच. मग मुकी का झाली? उद्या एवढ्या लोकांपुढे मी काय टकटक करू?

व्हर्डेल : घाबरू नकोस, बस आधी.

लेम्युएल : व्हर्डी... लहानपणी आईच्या भिंतीवर ही तार ठोकली होती. वाजवली की ती आतून ओरडायची, कार्ट्या, अख्खं घर घुमतंय! घर घुमायचं गं. तार एकटी कधी वाजलीच नाही.

व्हर्डेल : आणि माझ्या बशा थरथरतात म्हणून मी बोंबलायचे, ते उगाच?

लेम्युएल : आता काय करू? शब्द दिलाय. आणि खोटं कशाला बोलू, मला फार हवं होतं मेम्फिस.

व्हर्डेल : ठाऊक आहे रे मला. मग दार राहू दे, दुसरी चित्रं जाऊ देत की! कुंपणाच्या फळ्या ने, त्यांच्यावरही चित्रंच काढलीस तू. तार ऐकायची असेल तर त्यांनी इथे यावं. शनिवारी पिकनिक ठेवू, खड्ड्यावर बकरं भाजायला लावू, तुझा भाऊ ढोल घेऊन येईल.

लेम्युएल : आणि नाही आले तर?

व्हर्डेल : तर बकरं आपण खाऊ. चल, उचल दार, बसवू परत.

लेम्युएल : हळू... वर घे... बसलं!

व्हर्डेल : एक विचारू? इतकी वर्षं भांडी घासताना दारावरचं हे चित्र बघतेय. मला पाठमोरी का काढलीस? तोंड वाईट होतं?

लेम्युएल : पहिल्यांदा नाचलीस त्या पिकनिकला, तेव्हा तुझी पाठच दिसत होती. तू वळावीस म्हणून मी गाणं संपवतच नव्हतो. वळलीस, आणि माझा हातच थांबला. सगळे हसले.

व्हर्डेल : इतकी वर्षं सांगितलं नाहीस, मेल्या!

लेम्युएल : गाडी आली बघ वळणावर.

व्हर्डेल : येऊ दे. तू वाजव. आता तोंड तुझ्याकडे करून नाचते. हात थांबवू नकोस म्हणजे झालं.