आधी केळं, मग कोच

अरे, यंदाच्या फायनलचं ऐका. कॉलेजच्या फुटबॉल टीमला मी वर्षानुवर्षं एकच कायदा लावलाय. हाफटाइमला आधी सगळ्यांनी केळं खायचं, मगच मी बोलणार. मीही खातो, कारण तोंड भरलेलं असलं की मला शिव्या देता येत नाहीत.

यंदा समोरच्या टीमचा कोच माझाच जुना खेळाडू, दापोऱ्याचा दिनेश. हाफटाइमला आम्ही पुढे होतो. दिनेश तणतणत पोरांकडे गेला, पिशवीतून केळी काढली आणि पहिलं स्वतःच्याच तोंडात कोंबलं. मी म्हटलं, गेली आपली मॅच!

गेलीच. मी तावातावानं त्याच्याकडे निघालो. त्यानं पाया पडून केळं पुढे केलं, “सर, पहिले खा, मग बोला.”

खाल्लं. मग एकही शिवी आठवेना. म्हटलं, “बेटा, कोच झाला रे तू.”