धाकट्याचा आकडा

— नाही हो, जॅक निसटला, अख्खी गाडी हातावर आली, मी ती त्याच हातानं वर ढकलली आणि दुसऱ्या हातातला चहा सांडू दिला नाही. घाला टाके, सुन्न करायची सुई नको, माझी कातडी टायरची आहे. काय? काच? गाडीला काच नसते काय? — बरं, फ्रेमची आहे. ओढा. सावकाश कशाला, ओढा की, कंपाउंडर ना तुम्ही. फ्रेममध्ये धाकट्या भावाचा रिपोर्ट होता, रक्ताचा. लोक गॅरेजात बापाचा फोटो लावतात, मी भावाचं कोलेस्टेरॉल लावलं होतं. दोनशे नव्वदवरनं एकशे अठरा. गिऱ्हाइकांना सांगायचो, हे इंजिन मी बांधलंय.

कसं उतरवलं? पथ्यानं. पथ्य म्हणजे ही मूठ. आमचे वडील गाडीखाली झोपूनच गेले, पाना हातात, बाहेर नुसते पाय — मी अर्धा तास त्या पायांशी बोलत होतो. रक्तात चरबी, घराण्यातच आहे, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाच ठरवलं, धाकट्याला मरू द्यायचं नाही, त्यासाठी मारावं लागलं तरी बेहत्तर. हसू नका, टाका वाकडा जाईल. लोण्याचा डबा सापडला, तोच तोंडावर घातला — दोन दात. अंडी तळताना दिसला, तव्यावर हात दाबून धरला. एकदा बेकरीच्या दारात गाठला आणि लाथ घातली, इथं, मागून, कमरेच्या वर. तीन दिवस वाकून चालत होता. आज डॉक्टरांनी धाकट्याच्या मूत्रपिंडात गाठ सांगितली, तर पहिलं तेच विचारलं, लाथेनं गाठ होते का? नाही म्हणाले. परत विचारलं. परत नाहीच म्हणाले. त्यांना काय, त्यांनी लाथ कुठं बघितलीय.

गेल्या वर्षी आकडा आपणहून घसरायला लागला. हात उचलावा लागेना. भूक नाही दादा, म्हणायचा. मला वाटलं, आला एकदाचा वठणीवर. त्याच्या पट्ट्याला नवी भोकं मीच पाडून दिली, कौतुकानं. आणि आज डॉक्टर म्हणतात, या कॅन्सरात आकडा इतका खाली असणं चांगलं लक्षण नाही, अशा पेशंटांचं पुढचं अवघडच दिसतं; रोग आतून खात असतो. म्हटलं, मग वाढवतो, आकडाच ना? तर म्हणे, आकडा वाढवून रोग हटत नाही, पण ऑपरेशनला दहा दिवस आहेत, पोटात चार घास जाऊ द्या, अंगात ताकद नसेल तर मी सुरी लावणार नाही. मग माझ्यासमोरच धाकट्याला विचारलं, लघवीत रक्त कधीपासून? सात महिने, म्हणाला. सात. मी म्हटलं, गाढवा, बोलला का नाहीस? तर काय म्हणाला माहितीय? दादा, मला वाटलं, तू म्हणशील, काहीतरी चोरून खाल्लंस.

त्याला इथंच भरती करून घेतलं. मी गॅरेजात गेलो, फ्रेमला ठोसा घातला. मग भिंतीला. मग परत भिंतीलाच — ती उलटून मारत नाही ना, धाकट्यासारखीच. हाताला फडकं गुंडाळलं, पावाला बोटभर लोणी थापलं, दोन उकडलेली अंडी घेतली, सगळं डब्यात भरलं, आणि तसाच इथं वर वॉर्डात आलो. डबा उघडून पुढं केला. त्यानं लोणी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कोपरं अशी पुढं. नाही खाल्लं दादा, शप्पथ, मी हातपण लावला नाही. मी म्हटलं, खा. मोठ्यानं म्हटलं असेन. तो सलाइनसकट खाटेखाली शिरायला लागला. मला सिस्टरनी बाहेर काढलं —

झालं? पट्टी राहू द्या, मी गुंडाळतो. तुम्ही हा डबा घ्या. पुसलाय, रक्त लागलेलं नाही. वर, खिडकीजवळची खाट. दवाखान्यातनं आलंय म्हणायचं, माझं नाव काढायचं नाही. आणि दोन घास गिळेपर्यंत शेजारी बसा — हात मांडीवर ठेवून, त्याला दिसतील असे. मग खाईल तो. अहो, माझ्याकडे काय बघताय, जा ना.