जुन्या भट्टीचं माप

रिसोडच्या एसटी स्टँडवर तेलमिलचे दोन कामगार माझ्या पुढं रांगेत उभे होते. समोरच्या नागपूर गाडीत सरकारी संशोधन केंद्राचे साहेब केव्हाचे बसले होते.

"देवमन, मिलमधली नवी भट्टी कायले तोडून राह्यले?"

"साहेब म्हनते, कोळसा काहीच वाचला नाही. सरकारनं अन् शेठजीनं मिळून वरीसभर डोकं लावलं, सारं पान्यात गेलं."

"पन तिच्यात धूर नोयता. तुह्या छातीले आराम होता."

"होता ना."

"मंग कोळसा वाचला कसा नाही?"

"चूक माही हाय, ग्यानबा. आधी त्यायनं जुनी भट्टी किती कोळसा खाते, त्याचं माप घेतलं. आठ दिवस साहेब वही घेऊन माह्या मांगं उभे. पाहुने येनार म्हनलं का आपन घर सारवत नाही काय? तसा मी फावडं-फावडं जपून कोळसा टाकला. जुनी भट्टी एवढ्या कमीत कदी चाललीच नोयती. अन् नवीचा कोळसा त्यायनं त्याच मापाशी ताडला."

"अरे, मंग सांग त्यायले! गाडी हाय अजून."

"तीनदा गेलो गाडीच्या दारापर्यंत."

"मंग चौथ्यांदा जाय! तो पाय, कंडक्टर चढला."

"शेठजी बी तेथीच उभे हाय, त्यायले पोचवाले आले."

"असू दे ना! त्यायची भट्टी वाचन, तुही छाती वाचन."

"अन् शेठजीनं इचारलं तं?"

"काय इचारतीन?"

"आठ दिवस कमी कोळशात जमलं, तं अठरा वर्सं काहून नाही जमलं?"

कंडक्टरनं घंटी मारली.

"बोल ना, ग्यानबा. काय सांगू?"