तीन मोजेपर्यंत

बसा ना, बसा, घर काही पळून नाई चाललं — ते निंबामागं टिनाचं छप्पर दिसते ना, तेच इंद्रभानचं घर, अन तेच माह्यं, मी देवमन, त्याचा मोठा भाऊ, हे सायकलचं दुकान आमचंच. तो आता निजेल असन. दुपारचं जेवन भरवलं की निजते घटकाभर. त्या खोक्यावर बसा, एवढा पंचर होऊ द्या, मंग नेतो तुमाले आत — मास्तराची सायकल हाये, शाळा सुटली की तो उभा राहीन इथं. तुमी पैलवान हा ना? सांगा नोका, कान पाहून समजलं. असे मुरगळेल कान तालमीतल्या मानसाचेच असते. इंद्रभानचेही असेच हायेत. बरं झालं कोनी आलं, रिठदात कुस्तीच्या गोठी करन असं मानूस राह्यलं नाई आता, समदे हमेशा पान्याचं अन पेरनीचं बोलते, अन माह्यं तर काय, जवानी गेली कुस्त्या पाहण्यात.

मातीतल्या नाई म्हनत, त्या तर पाह्यल्याच, मी म्हनतो फ्रीस्टाईल. तेवीस शो पाह्यले म्या. अकोला, खामगाव, हिंगोली, कारंजा, जिथं कंपनी लागली तिथं देवमन सायकल काढून हजर. लोक म्हनत ते बनावट असते — अरे, मले शिकवता का? मले त्यांच्या आधी माहीत. हिंगोलीले दोघं जन असे लढले की एकाचं डोकं फुटलं, रगत गळून राह्यलं, लोकाईनं खुर्च्या फेकल्या, अन दुसऱ्या दिवशी तेच दोघं एष्टीत बाजू-बाजूले बसून एकच सीताफळ खाऊन राह्यले होते, बिया खिडकीतून बाहेर. मंग समजलं का? समजलं. पाहनं सोडलं का? नाई सोडलं. तमाशातला राजा सकाळी आपल्यालेच बिडी मांगते, तरी रातच्याले तो रडला की आपल्याले रडू येतेच ना, तसंच हे.

अन माह्यं एक मत हाये, पटलं तर घ्या — फ्रीस्टाईलमदी कुस्ती दुय्यम, पहिलं असते ते आव्हान. आठ रोज आधी जीप फिरते, वर भोंगा, मांगं पैलवान उभा, अन तो भोंग्यावाला काय बोलते, पैलवान कसा पाह्यते, तिथंच अर्धी कुस्ती झाली. बगदादी तुफान म्हनून एक होता, कारंज्यात जीपच्या टपावर चढून अरबीत गरजे, अन बाजूचा मानूस त्याचं हिंदी करून सांगे, ‘तुफान साहब कहते हैं, कल इस शहर में एक माँ रोयेगी.’ बाया घरात पळाल्या. मी संध्याकाळी स्टँडावर चहा प्यालो, तं तुफानसाहेब हाटेलात भजे खाऊन राह्यले होते, ‘भैया, मिरची जरा और देना’ म्हने, नागपुरी हिंदी, साफ. आवाज मोठा, पन ते आव्हान मले दुसऱ्या नंबरचं वाटते. पयला नंबर कोनाचा, सांगू? कंदाहारच्या जल्लादाचा. काळा बुरखा, डोयाले दोन भोकं, बस. खामगावच्या बाजारात जीप थांबली, भोंग्यावाला गळा फाडून राह्यला, अन हा गडी एक शब्द बोलला नाई. गर्दीत एका बुढ्याचा फेटा पडला, कोनी त्याच्यावर पाय देनार, तं जल्लाद खाली उतरला. लोक मांगं सरले. त्यानं फेटा उचलला, झटकला, बुढ्याच्या डोक्यावर नीट ठेवला, अन परत जीपवर जाऊन उभा राह्यला. तुमाले सांगतो, त्याच्यानं जे भेव वाटलं ना लोकाईले, ते तुफानाच्या अरबीनं नाई वाटलं. तवापासून मी त्याचा. फेटा ठेवताना म्या त्याचा हात पाह्यला जवळून, डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती —

हात काहून लपवला?

नाई, धोतरात काहून घातला हात तुमी? दाखवा. दाखवा ना, मी काही करत नाई. म्या काय करावं, मी पंचरवाला मानूस.

हं. करंगळी अर्धीच हाये.

पानी घ्या. त्या मडक्यातलं घ्या, थंड हाये. — सात वर्सं मी लोकाईले सांगत आलो की जल्लाद पठान होता, कंदाहारचा, पहाडातला, अन तुमी आल्या आल्या ‘इंद्रभान पैलवानाचं घर कोनतं’ असं इचारलं तवा बोलीवरून मले माह्या मामाच्या गावचं मानूस वाटलं. गाव कोनतं तुमचं? — दर्यापुराकडचे. बरं. दर्यापुराकडचे.

अन आले कायले? — माफी मागाले. बोला, सावकाश बोला. — हात सुटला म्हनता. घामानं हात सुटला, अन इंद्रभान डोक्यावर पडला, अन तवापासून झोप नाई, कंपनीही सोडली. अस्सं. सात वर्सं लागले तुमाले रिठद भेटाले? नाई, मी टोमना नाई मारत, मी कोन टोमना मारनारा. हे टूब पाहा, ठिगळ लागून नाई राह्यलं.

तुमाले इंद्रभान माहीत हाये तो त्या संध्याकाळचा, दहा मिनिटाचा. मी सांगतो कोन होता ते. या इलाख्यात मातीत त्याची पाठ लावनारा गडी नव्हता. पन जत्रेतली शेवटची कुस्ती, मानाची, नारळ-फेट्याची, ती त्याले कधी भेटली नाई. छप्पन साली आमी बुद्धाचे झालो, जत्रेतले पंच काही झाले नाई. दरसाल तेच — ‘तुह्या जोडीचा गडी नाई आला रे इंद्रभान.’ जोडीचा गडी समोर बसून राहे, लंगोट कसेल, अन तरी जोडीचा गडी नाई आला. तो हासे. मी नोतो हासत. मले वाटे, एक डाव, फक्त एक डाव याचं नाव मोठ्यानं घेतलं पाह्यजे कोनी, सगळ्यायच्या कानात शिरलं पाह्यजे. अन त्या साली, दुष्काळाच्या आदल्या साली, तुमच्या कंपनीची जीप इथंच, या निंबाखाली, पंचर झाली.

तुमचा तो मॅनेजर, सोन्याचा दात. मी चाक काढता काढता त्याले त्याच्याच कंपनीच्या समद्या कुस्त्या सांगतल्या, कोनती कुठं झाली, कोन हारला. खुश झाला. म्हने, ‘वाशिमले चार दिवसांनी शो हाये, आपल्याले इथला एक गडी पाह्यजे, नाववाला, जो इथल्या पब्लिककडून जल्लादाचं आव्हान घेईन.’ म्या म्हनलं, गडी घरातच हाये. मंग त्यानं सांगतलं. इथंच बसून, तुमी बसले तिथं. पाच मिनिट तुमचा गडी जोरात, पब्लिक खुश. मंग जल्लाद त्याले खाली घेईन, पंच फळीवर तीन थापा मारीन. तीन मोजेपर्यंत उठाचं नाई, ढिलं पडाचं नाई. मंग तुमच्या गड्यानं इशाऱ्याले हात वर केला की जल्लाद त्याले खांद्यावर घेईन, तवा हनुवटी छातीले लावाची अन जल्लादाचा कमरपट्टा घट्ट धराचा, तो आरामात खाली टाकते, काही लागत नाई. दोन खेपा सांगतलं त्यानं. दुसऱ्या खेपेले माह्याकडून बोलून घेतलं — हनुवटी छातीले, पट्टा घट्ट, तीन मोजेपर्यंत.

हो. मले माहीत होतं. तुमी मान हलवू नोका, ऐका.

वाशिमले त्याले मीच घेऊन गेलो, सायकलवर, डबलसीट. पुरा रस्ता होता सांगाले. अन निघाल्या निघाल्याच मांगून त्यानं इचारलं, ‘दादा, खरी कुस्ती हाये ना ही? लोक काहीबाही बोलते. बनावट असन तं मी येत नाई, मले उतरून दे इथं.’ तो तसाच होता, हारला तं खरं हारनार, जिकला तं खरं जिकनार. अन वाशिमात भोंगा चार दिवसांपासून ओरडून राह्यला होता, ‘रिसोड इलाके का शेर, रिठद का इंद्रभान पैलवान.’ वाशिमजवळच्या मालेगावच्या लोकाईनंही सांगतलं होतं मले, जीप तिकडंही फिरली म्हने. मी काय सांगू त्याले तवा? म्या म्हनलं, ‘खरी हाये.’ बस, एवढंच बोललो. बाकी पुऱ्या रस्त्यानं पायडल मारत राह्यलो. वाटलं, आखाड्यात गेल्यावर सांगू कानात. तिथं गर्दी. वाटलं, ताकदीचा गडी हाये, काय होनार. अन खरं सांगू का, पोटातून वाटत होतं की हा जल्लादालेच पाडीन. तेवीस शो पाह्येल मानूस, सीताफळाच्या बिया पाह्येल मानूस, अन मले वाटत होतं की हा खरोखर पाडीन.

मंग तुमी त्याले खाली घेतलं. पाठ लागली. आता मातीत कसं असते — तुमी पयले मातीतलेच ना? मंग तुमालेच इचारतो — पाठ लागली की काय होते? कुस्ती सुटली. बस. दोघंही हात सोडते, आंग ढिलं सोडते, हारलेला खालूनच हात देते, जिकलेला त्याले उठवते. लहानपनापासून हाडात बसेल असते ते. त्यानं तेच केलं. एक थाप पडली नाई तोवर त्यानं आंग सोडलं, अन उजवा हात वर केला तुमच्याकडं, ‘जिकला बावा तू’ म्हनून. अन तुमाले वाटलं, याले सगळं माहीत हाये, हा उचलाचा इशारा देऊन राह्यला. तुमी उचललं. ना हनुवटी छातीले, ना पट्टा हातात. हासत होता तो तवा, म्या पाह्यलं. तुमचा हात नाई सुटला, पैलवान. त्यानं धरलंच नव्हतं काही. कोनी सांगतलंच नव्हतं त्याले.

अन तो पडला तवा मी टाळ्या वाजवल्या. खुर्चीवर उभा राहून. मले वाटलं, काय सुंदर पडला, पाच वर्सं कंपनीत काम करेल गड्यावानी पडला. लोक बसले तरी मी वाजवत होतो.

रडू नोका. इथं स्टँड हाये, लोक पाह्यते. मी नाई रडत ना? मले येळच नसते. मानेखाली काही हालत नाई त्याचं. दर दोन तासाले कूस बदला लागते, नाईतर पाठीले जखमा होते — मी अन माही घरवाली चंपा, आमीच करतो. हो, दोन तास होऊन गेले असन आता.

थांबा. उठू नोका. आत कुठी चालले?

काय सांगनार तुमी त्याले? हात सुटला म्हनून सांगनार, माफी मागनार. अन तो काय म्हनन, माहीत हाये का? तो इचारन, ‘पाठ लागल्यावर काहून उचललं?’ सात वर्सं त्याचा तोच एक सवाल हाये. अन तुमी सरळ मानूस, तुमी म्हनसान, ‘तुमाले सांगतलं होतं ना?’ मंग? सांगा मंग, तिथं उभा राहून मी काय करू? रोज संध्याकाळी तो मले बाजूले बसवते अन कुस्ती लढते तुमच्यासंग, तोंडानं. ‘दादा, जल्लाद डावीकडून आला, मी पट घेतला, आता तो वाकला, आता धोबीपछाड.’ रोज पाडते तुमाले. रोज. मी पंच असतो. पाठ लागली म्हनलं की त्याचा चेहरा पाहा तुमी — जेवते मंग, दोन घास जास्त जेवते. ‘बेईमान होता तो, दादा, पाठ लागल्यावर मारलं त्यानं,’ असं म्हनते, अन मी म्हनतो, ‘हो, बेईमानच होता.’ सात वर्सं मी हो म्हनून राह्यलो. तो बेईमान तुमी हा, म्हनून मी त्याचा भाऊ हाये. त्याचं आंग मी पुसतो, त्याले घास मी देतो, तो माह्याकडंच पाह्यते — दुसरं कोनाकडं पाहीन? तुमी आत गेले तं ते पाहनंही जाईन.

माह्या पाया पडू नोका, मीच पडतो तुमच्या. तुमी घरी जा, सुखानं झोपा, तुमाले आता माहीत हाये की हात सुटला नाई. एवढं घेऊन जा. पन इथं दुश्मन तुमीच राहा. मले दुसरं काही मांगता येत नाई. मी आत जाऊन खरं सांगू म्हनता? किती डाव गेलो. कूस बदलतानी त्याचं तोंड माह्या खांद्यावर येते, तवा सांगावं वाटते, अन तवाच तो म्हनते, ‘दादा, थकला असशीन.’

— काय व चंपा? आलो, आलो, कूस बदलाची हाये, माहीत हाये मले. — जागा झाला? इचारते का, दादा इतका येळ कोनाशी बोलून राह्यला म्हनून?

कोनी नाई म्हन त्याले. रस्ता चुकेल मानूस होता एक, रिसोडची गाडी इचाराले आलता. गेला म्हन.