चौथ्या धड्यापर्यंत सगळं बरं होतं

...आणि वर मलाच विचारते, "जेवलीस का, पोरी?" म्हणजे बघा! माझ्या लेकीला माझ्यादेखत कुरूप म्हणून झालं, डुकरी म्हणून झालं, शेजारणीला हाक मारून "ये, बघ किती ओंगळ दिसतेय" असं दाखवून झालं, आणि मग माझ्याकडं वळून तोंडभर हसून, जेवलीस का! काय जेवणार मी? आणि तुम्हाला सांगते, हे सगळं ती खालची म्हातारी पाच महिने रोज बोलत होती. आणि मी समोर उभी राहून, हात जोडून, मान लववून तिचे आभार मानत होते. का? तर मला भाषा येत नव्हती. किती सुखात होते मी... कुणी सांगितलं होतं मला भाषा शिकायला?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमचे हे इथं बँकॉकात सोनं वितळवायच्या, गलाईच्या, दुकानात, आणि मी सकाळी सात ते एक खड्यांच्या व्यापाऱ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. दीडशे पोळ्या, त्यातल्या निम्म्या बिनतुपाच्या, आणि कुठली कुणाची ते लक्षात ठेवायचं, ते वेगळंच. मग शरयूला, माझ्या नऊ महिन्यांच्या लेकीला, ठेवायचं कुठं? तर आमच्या खोलीच्या खालीच याई समलिम राहते. याई म्हणजे आजी. सगळी गल्लीच तिला याई म्हणते. दारात बसून मोगऱ्याचे हार ओवते, शेजारी कापडाची झोळी, झोळीत माझी पोर, झोळीची दोरी याईच्या पायाच्या अंगठ्याला. हातानं हार चाललाय, पायानं झोका चाललाय, तोंडानं पोरीशी गप्पा चालल्यात. पोर सुखात होती, मी नाही म्हणत नाही. जेवायची तर फक्त तिच्याच हातचं, केळ्यात कुस्करलेला भात. माझी नाचणीची पेज पुढं केली की ओठ असे घट्ट मिटायची, की मी काय कडू काढा पाजतेय!

आता मी आहे काळजीवाली. पोर शिंकली की मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते. दवाखान्यातल्या बाईंनी मागं हातवारे करून सांगितलं होतं, वजन दोन महिने जागचं हललेलं नाही, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणे! मी दुसरं करते काय? पण ती याई दिवसभर माझ्या पोरीशी बोलते काय, हे मला नको कळायला? पोर बोलायला लागली आणि मलाच तिचं कळेना, तर? हे म्हणाले, "शीक की मग. देवळात दर रविवारी फुकट वर्ग असतो." यांचं काय जातंय? यांना सोन्याशी बोलायचं असतं.

गेले. सातवी शिकलेली बाई मी, पंधरा वर्षांनी पाटी हातात. शिकवायला एक रिटायर मास्तरीण, ओरथाई बाई, इतकं हळू बोलायच्या की डास येऊन चावून जायचा तरी वाक्य संपायचं नाही. वर्गात एक म्हातारा गोरा होता. सात वर्षं तिसऱ्याच धड्यावर. चौथा आला की आजारी पडायचा, बरा झाला की पुन्हा पहिल्यापासून. मी मनात हसायचे त्याला. आता कळतंय, शहाणा होता हो तो माणूस!

कारण चौथा धडा आला. माणूस दिसायला कसा आहे, ते सांगायचं. बाईंनी चित्रं लावली. जाड, बारीक, सुंदर... आणि मग एक दात पडलेली, नाकावर मस असलेली चेटकीण. तिच्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ना-क्लियात." मला वाटलं, बाईंची चित्रं उलटसुलट झाली. हात वर केला. कारण हा शब्द मला पाठ होता! याई रोज म्हणायची, कोपऱ्यावरची नूडलवाली म्हणायची, गल्लीत जी बाई झोळीत डोकवायची ती हेच म्हणायची. मी म्हटलं, बाई, याचा अर्थ गोड ना? गोडुली? बाई म्हणाल्या, "नाही. कुरूप. बघवत नाही असं."

मी हात खाली घेतला. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मी हा शब्द माझ्या आईला फोनवर शिकवला होता! म्हटलं, आई, इथं सगळे शरयूचं कौतुक करतात, असं असं म्हणतात. तेव्हापासून आई तिकडून गावभर ऐकू जाईल असं ओरडते, "कुठंय माझी नाक्लियात? दाव गं तिचं तोंड!" दोन मावश्यांनाही शिकवलंय तिनं. कुणी सांगितलं होतं मला भाषा शिकायला?

सोमवारी खाली गेले तर, काय सांगू, कान उघडले माझे. कुरूप. डुकरी. नाक बघ कसं बसलंय. ही कुणाला नको. आणि वर ते दुसरं! मी रोज सकाळी पोरीच्या गालावर काजळाची तीट लावायची, आणि एक वाजता न्यायला यावं तर तीट गायब, आणि पोर पावडरीत अशी लोळवलेली की डोळे तेवढे दिसतायत. आधी मी म्हणायचे, जाऊ दे, पुसली गेली असेल. आता टोटल लागली. हिला माझ्या पोरीचा रंगच पटत नाही!

उचलली पोर. मेसमध्ये खाडा केला आणि घरी बसले. एक दिवस, दोन दिवस. पेज केली, खिमट केलं, केळंभात केला, अगदी याईसारखा... तोंड उघडेल तर शपथ. खाली दोरी हलल्याचा आवाज आला की मान वळवायची आणि रडायची. तिसऱ्या दिवशी अंग नुसतं कोमेजलं होतं तिचं, आणि मेसवाल्यांचा निरोप आला, उद्या आली नाहीस तर दुसरी बाई बघतो. मी पोर काखेत मारली, तळहातावर पेनानं वाक्यं लिहिली आणि उतरले जिना.

आता इथली अडचण काय आहे, तर इथं कुणी भांडतच नाही. आपण आवाज चढवावा तर समोरचा आणखी हसतो. आपल्यालाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं. तरी मी गल्लीच्या मध्ये उभी राहिले आणि तळहात बघून, चौथ्या धड्याची शपथ, सगळं म्हटलं. "माझी मुलगी कुरूप नाही. माझी मुलगी सुंदर आहे. फार सुंदर आहे. या गल्लीत सगळ्यांत सुंदर आहे."

तुम्हाला सांगते, नूडलवालीचा डाव हवेत राहिला. आणि याई... हार टाकून उठली, गुडघे धरत धावत आली, माझ्या पोरीच्या दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वर बघून, छपराकडं, तारांकडं, कुठं कुणास ठाऊक, ओरडायला लागली, "कुरूप आहे! घाण आहे! कुणाला नको ही!" नूडलवाली म्हणाली, "कुरूप." इस्त्रीवाली म्हणाली, "फारच कुरूप." सगळी गल्ली माझ्या पोरीला नावं ठेवायला लागली, रांगेनं!

मग याई माझ्या कानाशी हळू म्हणाली, "असं बोलायचं नसतं, पोरी. ते, न दिसणारे, ऐकत असतात. आवडलं की घेऊन जातात. माझ्या पहिल्या लेकीला सगळे सुंदर म्हणायचे."

एवढंच म्हणाली. चौथ्या धड्यापर्यंतच शिकले होते मी, पण हे सगळं कळलं.

तिटेला त्यांचा शब्द काय, ते कुठल्याच धड्यात नव्हतं. कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली, पोरीच्या गालाला बोट लावलं आणि म्हटलं, "हे... हे पण कुरूप करायला."

याईनं माझ्याकडं बघितलं, डबीकडं बघितलं. म्हणाली, "मग सांगायचं नाही का? रोज खोबरेल लावून घासतेय मी! मला वाटलं, तुझ्या तव्याची काजळी."

आणि पोरीला माझ्याकडून काढून घेऊन केळंभात भरवायला बसली. माझी लेक आ करून खायला लागली, जशी तीन दिवस मीच तिला बांधून ठेवली होती.

आता वजन वाढतंय, मान्य. पण माझा राग गेलाय असं समजू नका! आता याई स्वतःच तीट लावते. साधी नाही, चांगली रुपयाएवढी, कपाळावर एक, दोन्ही गालांवर दोन, खाली पावडर, इथं सगळ्याच पोरांना थापतात तशी. पोर आता खरोखरच कुरूप दिसते. आईला अजून अर्थ सांगितलेला नाही. सांगणार कशी? परवा म्हणाली, बारशाला शेजारच्या सुनेच्या बाळालाही तेच म्हटलं, तिला फार आवडलं.

आणि गेल्या आठवड्यात आमच्या वरच्या खोलीत एक बर्मी पोरगी राहायला आलीय, थांडार. दोन महिन्यांचा मुलगा, काय गुटगुटीत, काय डोळे... जिन्यात भेटली, मी वाकले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "ना-क्लियात!" बिचारी केवढी हसली. हात जोडून, मान लववून आभार मानले माझे.

देवळातल्या वर्गाला जाते म्हणे. चौकशी केली मी. तिसरा धडा झालाय. म्हणजे माझ्याकडं रविवारपर्यंत वेळ आहे.