पेटीचे पैसे, भावाच्या नावाने

नाव माझं खरं लिहू नका ताई, शोभा लिहा, शोभाकाकी लिहा, भांडुपच्या अर्ध्या टेकडीला तसंही कळलंय, पण छापलेलं वाचलं की माणूस परत पहिल्यापासून हसतो, म्हणून.

गाव आमचं वेंगुर्ल्याच्या अलीकडे, पण माझा जन्म लालबागचा, बाप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, आणि संध्याकाळी भजनात, आमच्या चाळीच्या गॅलरीत भजन बसायचं, बाप पेटीवर, आणि मी चहाचे पेले धरून दाराशी उभी, कारण मुलींनी मांडीला मांडी लावून भजनात बसायचं नाय, ते पुरुषांचं काम. पण कानाला कोण अडवणार हो? सगळ्या चाली मला तिथेच पाठ झाल्या, आणि बाप झोपला की मी पेटीचं झाकण उघडून नुसती बोटं फिरवायची, भाता न मारता, आवाज नको म्हणून. मग मिल बंद पडली, खोली गेली, आम्ही इकडे भांडुपला डोंगरावर आलो, माझं लग्नपण इकडेच झालं, आमचे हे होते तोपर्यंत बरं चाललं, ते गेल्यावर मी साकीनाक्याला गाळ्यात कामाला लागली, कुलपं तपासून डब्यात भरायची. चावी घालायची, फिरवायची, उघडलं की पुढे, अडकलं की बाजूला. इतकी वर्षं झाली, माझ्या हातून खोटा पीस पुढे गेला नाय, शेठ अजून नव्या पोरींना सांगतो, शोभाबाईकडे बघा म्हणून. आणि त्याच बाईने काय केलं ते ऐका आता.

आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. हसू नका, चांगलं नाव आहे आमचं, श्रावणात आणि गणपतीत मुलुंडपर्यंत बोलावणी येतात. मी पेटीवर आणि गायला, कमळवहिनी पखवाजाला, होय, बाई पखवाज वाजवते, बघायला लोक उभे राहतात, आणि बाकीच्या टाळ धरून मागे बोलतात. पखवाज कमळवहिनीच्या सासऱ्याचा, तो घरचा, पण पेटी आमची नव्हती. पेटी पुरुषांच्या मंडळाची, शांतारामबुवांच्या ताब्यात, ती मागायला जायचं म्हणजे काय सांगू तुम्हाला, दारात उभं राहायचं, बुवा आतून टीव्ही बघत बोलणार, आज आमचीच प्रॅक्टिस असेल तर? मग चावी शोधणार, मग सांगणार, भाता हळू मारा हां, बायकांच्या हाताला हिशोब नसतो. आणि एकदा भर कार्यक्रमात पोरगा पाठवून पेटी परत नेली, आम्ही अभंग अर्ध्यावर सोडला, यजमानांच्या दहा माणसांसमोर. त्या दिवशी कमळवहिनी बोलली, शोभे, आता पुरे, आपली पेटी घ्यायची. मग आम्ही महिन्या-महिन्याला थोडे थोडे पैसे काढले. सगळ्या काय नोकरदार नाय, कमळवहिनी मुलुंडला चार घरी पोळ्या लाटते, कोण पापड करते, कोणाला नवऱ्याकडून मागावे लागतात आणि कशाला हवेत ते सांगता येत नाय. जमले सगळे, आणि सगळ्या बोलल्या शोभाकडे ठेवा, शोभाला फोनवर पैसे पाठवता येतात. त्याचा मला काय तोरा होता! भाजीवाल्याला पण मी स्टाईलमध्ये स्कॅन करायची, नोट हातात असली तरी.

नवी चांगली पेटी आमच्या पैशात येत नव्हती, म्हणून मी फोनवर जुन्या वस्तू विकतात तिथे शोधायला लागली. तिथे मला विलास भेटला, म्हणजे नाव त्याने विलास सांगितलं, खरं काय ते देव जाणे. फोटोत पेटी बघून माझा जीवच जडला, जुना साग, पितळी कड्या, आणि किंमत अगदी आमच्या पिशवीएवढी. मी फोन केला तर पलीकडून मालवणी. बाय, माझ्या बापाशीची पेटी आसा, खयच्याय माणसाक देवूक मन होणा नाय, भजनी घरातच जावक व्हयी. ताई, त्या एका वाक्याने मी विकली गेली. पण मी पण काय कच्ची नव्हती ना, मी बोलली, वाजवून दाखव, काळी चार धर, चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, आणि एक गजर घे. मला वाटलं इथे पकडली चोरी, ज्याची पेटी नाय त्याला काळी चार कुठून कळणार? आणि त्याने धरली हो. धरली आणि असा गजर घेतला की मी गॅसवरची आमटी विसरली. गायला तो, आवाजात जरा थकवा, माझ्या बापासारखा. माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की भजनी माणूस, गाववाला, हा फसवणार नाय. कुलपात चावी फिरली, पीस पुढे.

आता त्या ऍपवर पैसे द्यायचे दोन रस्ते होते. एक, कंपनीकडून भरायचे. म्हणजे पैसे कंपनीकडे अडकून राहतात, वस्तू आपल्या घरी आली, आपण हो बोललो, की मगच त्या माणसाला मिळतात, आणि ह्या कामाची कंपनी फी घेते. आमच्या पेटीवर चारशेच्या वर फी होत होती. दुसरा रस्ता, सरळ त्या माणसाच्या नंबरवर टाकायचे, घरच्या माणसाला टाकतो तसे, फी काय नाय. विलास बोलला, बाय, कंपनीक कित्याक देतस, त्या पैशात तू पेटीक मखमली खोळ शिव. माझी सून प्रणाली, दवाखान्यात रिसेप्शनला बसते, ती बाजूलाच भाजी निवडत होती. ती बोलली, आई, फी भरा, ती फी म्हणजे पेटी नाय आली तर पैसे परत मिळायची सोय आहे, सरळ टाकलेत तर कोणी बघणार नाय. मी तिला काय बोलली माहितेय? मी बोलली, तुम्हा पोरींना माणसावर विश्वास ठेवायला पण पावती लागते. माझ्या तोंडाला तेव्हा काय झालं होतं! ती परत भाजी निवडायला लागली, आणि मला वाटलं मी जिंकली.

पहिले अर्धे टाकायला घेतले. तेव्हा तो बोलला, बाय, पैशाखालच्या शेऱ्यात पेटीचं नाव घालू नकोस, कंपनीचे लोक बघतत, माझी जाहिरात काढून टाकतीत, तू आपला भावाक म्हणान लिही. मला सख्खा भाऊ नाय ताई. होता एक, लहानपणीच गेला. मी लिहिलं, भावास. आणि लिहिताना बरं वाटलं मला, हे तुम्हाला सांगते, कारण हेच मला सगळ्यात जास्त खातं. नंतर बोलला टेम्पोवाला त्याच्या दारात उभा आहे, बाकीचे टाक, मी टाकले. मग लाकडी खोक्याचे वेगळे, ते मी माझ्या पदरचे टाकले. प्रत्येक वेळी पिन मीच दाबला, प्रत्येक वेळी भावास. मग पेटी घाटात अडकली, मग टेम्पोवाल्याचा मुलगा आजारी पडला, मी त्या मुलासाठी देवाजवळ दिवा पण लावला, आणि मग विलासचा फोनच लागेना. खोळ शिवून झाली होती, मरून मखमलीची, प्रणालीने त्या फोटोतली पेटी दुसऱ्याच कोणाच्या जुन्या जाहिरातीत शोधून काढली तेव्हा मी खोळीला बटणं लावत होती.

ती एका शब्दाने बोलली नाय की मी सांगितलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला आली, हेल्पलाईनला पण तिनेच फोन लावला. तिथे एक मुलगी होती वर्दीतली, चांगली होती, पाणी दिलं तिने मला, मग माझा फोन हातात घेऊन बघत बोलली, काकी, पण इथे तर तुम्हीच लिहिलंय, भावास, तीनदा. भाऊ आहे का तो तुमचा? बाजूच्या बाकावर दोन माणसं बसलेली, ती हसली. तक्रार लिहून घेतली तिने, पण सांगितलं, खरेदीचे पैसे दिसत नायत हे, नातेवाइकाला दिलेले दिसतात, बघू. बँकेवाल्याने तेच सांगितलं, ऍपवाल्यांनी कळवलं की व्यवहार आमच्याकडून झालेला नाय, आमची जबाबदारी नाय. आणि खरंच होतं ते. चारशे रुपये वाचवायला मी सगळ्या दारांना बाहेरून कडी घातली होती.

पैसे गेले ते गेले, पण मी पुढे काय केलं, तर खोटं बोलली. बायकांना सांगत राहिली, येतेय, गाडी निघालीय, पावसामुळे उशीर. त्यांना आभाळ दिसत नव्हतं का? पण त्या विश्वास ठेवून होत्या, आणि त्या विश्वासावर आमच्यातली एक बाई शांतारामबुवांना जाऊन ठणकावून आली की तुमची पेटी ठेवा तुमच्याकडे, आम्हाला नको आता. झालं, वाट लागली. गणपती आले, कमळवहिनीच्या घरी आमचं पहिलं भजन, सगळ्या बसल्या टाळ घेऊन, पाहुणे बसले, आणि कमळवहिनी मला विचारते, शोभे, पेटी खालच्या रस्त्यावरून येणार की तू आणलीस? मी देवासमोर उभी, हातात काय नाय. मी सांगून टाकलं. सगळं. भावास पण सांगितलं.

कमळवहिनीने पखवाज पुढे ओढला आणि सुरू केलं, पेटीशिवाय. मी गायची ती मला स्वर सापडेना, दोनदा घसरली. रात्री भांडी आवरताना ती मला बोलली, पैशाचं नाय गं शोभे, पैसे माझे पण कुठे कुठे बुडलेत, पण तू महिनाभर आमच्या तोंडावर खोटं बोललीस, आम्ही काय शांतारामबुवा होतो का, आमच्यापासून लपवायला? हे ऐकून जे वाटलं ना ताई, त्याला लाज हा शब्द पण पुरत नाय. वरून खाली उतरताना मला वाटत होतं, सगळी टेकडी खिडकीतून माझ्याकडेच बघतेय.

पैसे मी भरले. गाळ्याचा दिवाळी बोनस, थोडे प्रणालीने आपणहून दिले, अर्धं नुकसान बायकांनी आपल्यावर घेतलं, मी नको नको बोलत असताना. ह्या वेळी ठरलं, घरी जाऊन, बघून, वाजवून घ्यायची. कमळवहिनीच्या पोळ्यांच्या घरातून कळलं, घाटकोपरला एक गुजराती बाई पेटी विकतेय, हंसाबेन, नवरा गेला, तो वाजवायचा. आम्ही चौघी गेलो, प्रणाली पण होती. म्हातारी एकटी, पांढरी साडी, चहा केला, खाखरे दिले, पेटीवरचं कापड स्वतः काढलं आणि मला बोलली, बजाओ बेन. मी भाता मारला. काय गोड पेटी! कमळवहिनीचे डोळे भरले. किंमत सांगितली ती रास्त, आम्ही घासाघीस पण केली नाय. मग ती बोलली, फोन से डाल दो, ये नंबर.

मी नंबर टाकला आणि नाव आलं दुसरंच. हंसाबेन नाय, कोण भलतीच. मी विचारलं, ये कौन? ती बोलली, मेरी बेटी, फोन उसके नाम पे है. मी बोलली, बेटी को फोन लगाओ. तिने लावला, मुलगी ऑफिसात, उचलला नाय. मी बोलली, आधार कार्ड दिखाओ. कमळवहिनी माझा गुडघा दाबते, प्रणाली बोलते, आई, आपण घरात बसलोय त्यांच्या, पेटी समोर आहे, पण मी ऐकते कुठली. मी बोलली, पैसा मिलने के बाद तुम बोलेगी नहीं मिला, तो? कागद पे लिख के दो. त्या बाईच्या घरात, तिचा चहा पिऊन, तिच्या नवऱ्याच्या फोटोखाली बसून मी हे बोलली.

म्हातारी रागावली नाय. उठली, पेटीवर परत कापड घातलं, गाठ मारली, आणि पेटी उचलून कमळवहिनीच्या मांडीवर ठेवली. बोलली, बेन, पैसा रहने दो अभी. घर ले जाओ, बजाओ, दो दिन देखो, मन को ठीक लगे तो भेज देना. तिने आमचा पत्ता विचारला नाय, नंबर विचारला नाय, माझं नाव पण विचारलं नाय.

जिन्यातच प्रणालीने तिच्या फोनवरून पैसे टाकले, मला जमलं नसतं, आणि वर जाऊन सांगून आली. मी खालीच थांबली.

आता पेटी आमची आहे ताई, आणि ह्या माघात आम्ही तीन घरी भजनं केली, शांतारामबुवांच्या दारावरून पेटी घेऊन जातो, ते बघतात. बायका परत माझ्याशी पूर्वीसारख्या बोलतात, पैसे मात्र प्रणालीकडे ठेवतात, बरोबरच आहे. कमळवहिनी रोज बोलते, हंसाबेनला एकदा भजनाला बोलव, नवऱ्याची पेटी ऐकू दे तिला. मी रोज बोलते, उद्या फोन करते. नंबर काढते, बघते, आणि परत ठेवून देते. त्या विलासच्या तोंडासमोर उभी राहीन मी, दोन शब्द सुनवीन पण, त्याची मला भीती नाय. ह्या बाईला काय बोलू? देव तिला सुखात ठेवो, एवढंच तिच्या पेटीवर बसताना मनात बोलते आणि भाता मारते.