मागच्या पानाचा समास

...आणि बाई म्हणाल्या, "डावीकडे मोठा समास सोडा," म्हणून मी सोडला, तर ह्यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा! बाईंनी दोन पर्याय दिले होते: प्रकल्प वर्गापुढे उभं राहून बोलून दाखवायचा, नाहीतर कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापून, शिवून द्यायचा. वर्गापुढे बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते... मी छापणारच! घरी प्रिंटर आहे, आणि त्याच्याशी बोलावं लागत नाही.

पण तुम्हाला सांगते, तो कागद ओढण्याआधी घसा खाकरतो. अगदी बाईंसारखा! पुढची बाजू छान आली. गठ्ठा उलटून परत घातला, आणि मागची बाजू... डोक्यावर उभी! माझा प्रकल्प मुंग्यांवर, आणि सगळ्या मुंग्यांचे पाय वर! आई डोकावली. "अगं, कागद काय झाडाला लागतात का?" खरं तर... पण मी नवे कागद घातले.

पुन्हा सगळं छापलं. पण घाईत मागच्या बाजूला 'पानात बसवा' असं काहीतरी दाबलं गेलं, आणि त्याने बसवलं हो, चेपून चेपून! पुढे अक्षरं टपोरी, मागे बाजरीएवढी. आई म्हणाली, "शाई संपली की तुझं रक्त घालणार आहेस का?" तेही करावं लागेल असंच वाटत होतं.

तिसऱ्यांदा आकार जमला. डाव्या कडेला सुई-दोऱ्याने शिवलं, पान उलटलं, आणि बघते तर काय! मागच्या पानावरची प्रत्येक ओळ शिवणीत गडप! मुंग्या रांगेने आत जातात आणि बाहेरच येत नाहीत! आता बाई म्हणणार, "हे वाचता येत नाही, बोलून दाखव..." मी रडायच्या बेतात, तेवढ्यात बाबा आले.

"काय गं, प्रिंटर चावला?"

"बाबा, समास डावीकडेच सोडलाय हो, सगळ्या पानांवर!"

"सगळ्या? बरं, त्या समासात टाचणी टोच. आता कागद उलट. भोक कुठे आलं?"

उजवीकडे!

"मग मागच्या पानाचा समास कुठे हवा, बाईसाहेब?"

मी परत छापायला बसले.

शाळेत बाई माझं एकेक पान उलटत होत्या. पुढे बघितलं, मागे बघितलं, उजेडात धरून बघितलं.

"हे तू स्वतः छापलंस?"

मी नुसती मान हलवली.

"बाकीच्या सगळ्यांच्या ओळी शिवणीत गेल्यात! ये, पुढे ये. हे कसं जमवलंस, ते वर्गाला नीट समजावून सांग बघू."

आता बघा... ज्यांनी गचाळ छापलं ते सगळे बाकावर आरामात बसलेले, आणि नीट छापलं म्हणून फळ्यापाशी उभी कोण? मी!